जाहीर झालेले चोवीस हजार पाचशे पाच

पाच जानेवारी, रविवार, सकाळी साडेदहा. रक्कम दोन लाख पंच्याऐंशी हजार रुपये. हजर तिघे: मी, माझी बायको आणि तिचा एक जुना विद्यार्थी. जागा लालबागमधल्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल.

पैसे बायकोचे होते. दादरच्या एका मराठी शाळेत ती अठ्ठावीस वर्षं खेळाची शिक्षिका होती. बावन्नाव्या वर्षी तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली. मिळालेल्या पैशांतून आम्ही घराचं उरलेलं कर्ज फेडलं, काही मुदत ठेवीत टाकले आणि हे एवढे तिने बाजूला ठेवले. त्यातून तिला डिस्क गोल्फची व्यावसायिक टूर सुरू करायची होती.

हा खेळ मलाही तिनेच समजावून सांगितला. गोल्फसारखाच, पण चेंडूऐवजी थाळीएवढी प्लॅस्टिकची डिस्क हाताने फेकायची. खड्ड्याऐवजी खांबावर बसवलेलं लोखंडी बास्केट, आणि त्याच्या वर गोल साखळ्या सोडलेल्या. डिस्क साखळ्यांवर आपटते आणि खाली बास्केटमध्ये पडते. कमीत कमी फेकींत सगळी बास्केटं पुरी करील तो जिंकला. तिच्या या विद्यार्थ्याचं वय आता बत्तीस, राहणार गिरगावचा. नोकरीनिमित्त तो दोन वर्षं बंगलोरला होता, तिथे शिकून आला आणि येताना बॅगेत सहा डिस्क घेऊन आला. पहिले चार रविवार बायकोच्या डिस्क झाडावरच अडकत होत्या. पाचव्या रविवारी एक साखळीत बसली आणि त्या दिवशी तिने घरी येऊन दोन वेळा आंघोळ केली तरी ती त्याबद्दलच बोलत होती.

मी एका विमा कचेरीत हिशेब तपासतो. मी विचारलं की व्यावसायिक म्हणजे नेमकं काय. विद्यार्थ्याने क्रमवारी, गुण, फोनवर थेट प्रक्षेपण असं बरंच सांगितलं. बायको म्हणाली, "खेळणाऱ्याला त्याच दिवशी, मैदानावर, रोख पैसे. बाकी सगळी हौस."

हे तिचं जुनं दुखणं मला माहीत होतं, निदान माहीत आहे असं वाटत होतं. तरुणपणी ती कबड्डी खेळायची. तेव्हा मुलांच्या संघाला पाकीट मिळायचं आणि मुलींच्या संघाला भांडी. आमच्या स्वयंपाकघरातल्या अर्ध्या डब्यांवर कुठल्या ना कुठल्या स्पर्धेचं नाव कोरलेलं आहे.

त्या सकाळी आम्ही तीन अटी लिहून काढल्या आणि तिघांनी खाली सह्या केल्या. पहिली अट माझी: दोन लाख पंच्याऐंशी हजारांच्या वर एक रुपयाही जाणार नाही. दुसरीही माझीच: घरखर्चाच्या खात्याला हात लावायचा नाही. तिसरी तिची: जे बक्षीस सांगितलं ते पूर्ण द्यायचं, पुरुषांना आणि बायकांना सारखंच. तीन टप्पे ठरले. मार्चमध्ये परळ, त्यानंतर दादर, शेवटी गिरगाव. विद्यार्थ्याने हिशेबाच्या वहीवर इंग्रजीत टूरचं नाव लिहिलं. मी त्याखाली मराठीत 'जमा' आणि 'खर्च' लिहिलं.

पहिली अडचण बास्केटांची. बाहेरून मागवायची तर एकाची किंमत आमच्या फ्रिजएवढी, आणि लागणार होती नऊ. म्हणून आम्ही चिंचपोकळी स्टेशनालगत वर्कशॉप असलेल्या एका फॅब्रिकेटरकडे गेलो. तो मंडपांचे सांगाडे आणि खिडक्यांची ग्रिलं करतो, मूळचा मालवणचा, हाताने पक्का. झोपाळ्याला लावतात तसली साखळी वापरायची असं ठरलं. एकाचे सहा हजार दोनशे, नऊचे पंचावन्न हजार आठशे.

आठ दिवसांनी त्याने बोलावलं. तीन बास्केटं तयार होती, रंगसुद्धा दिलेला. विद्यार्थ्याने दहा पावलांवरून डिस्क मारली. ती साखळीवर आपटून रेल्वेच्या भिंतीपर्यंत उलटी गेली. दुसरी मारली, तीही गेली. जवळ जाऊन पाहिलं तर त्याने प्रत्येक साखळी खालून नट लावून तारेसारखी ताणून बसवली होती.

"वहिनी, माझ्या हातचा काम हलणार नाय," तो अभिमानाने म्हणाला.

आयुष्यभर लोक त्याच्याकडे हलतंय अशी तक्रार घेऊन आले होते. एखादी वस्तू हललीच पाहिजे असं सांगणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. बायकोने घरून परडी, ओढणी आणि चिंचोके आणून त्याला दाखवलं, की परडीवर ताणलेल्या कापडावरून चिंचोका उडतो आणि सैल कापडात बसतो. त्याने स्वतः पान्याने नट काढले, साखळ्या सैल सोडल्या आणि स्वतःच डिस्क मारली. बसली. दुरुस्तीचे पैसे मात्र त्याने घेतले नाहीत. चूक आपली होती म्हणाला. बास्केटं इतकी मजबूत आणि जड झाली की टेम्पोशिवाय हलेनात, हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसरी अडचण मैदानाची. पालिकेच्या अर्जावर खेळांची यादी होती आणि आमचा खेळ तिच्यात नव्हता. खिडकीवरच्या बाईंनी समजुतीने 'इतर' या रकान्यात लिहून घेतलं. मी चार खेपा घातल्या, साडेबारा हजार भरले. पण परवानगी कागदावर मिळते आणि मैदान रविवारी क्रिकेटवाल्यांचं असतं. एकाच वेळी दहा-बारा सामने, एकाचा पॉइंट दुसऱ्याच्या स्लिपला पाठ लावून उभा. त्यांना उठवायचं कसं, हा प्रश्न बायकोने सोडवला. त्यातल्या अर्ध्या मुलांना तिने शाळेत कधी ना कधी वर्गाबाहेर उभं केलेलं होतं. आता त्यांची लग्नं झालेली, पोटं सुटलेली, तरी "बाई" म्हणत सगळे गोळा झाले. दीड वाजेपर्यंत त्यांनी मैदान आम्हाला द्यायचं, बदल्यात त्यांना नाश्ता आणि प्रत्येक बास्केटजवळ झेंडा घेऊन उभं राहायचा मान, असं ठरलं.

नऊ मार्चला, रविवारी, अडतीस खेळाडू आले. सत्तावीस पुरुष, अकरा बायका, प्रत्येकी हजार रुपये प्रवेश शुल्क. बंगलोर, पुणे, चेन्नई, आणि एक मुलगी कोइमतूरहून. ती तिथल्या एका शाळेत खेळ शिकवत होती. दोन रात्री प्रवास करून आली होती आणि खांद्यावर एवढीशी पिशवी. बायकोने तिला सकाळी घरचे पोहे खायला घातले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दोघी बराच वेळ कोपर कसं दुखतं ते एकमेकींना दाखवत होत्या.

खेळ चांगला झाला. एक डिस्क भलत्याच बास्केटमध्ये गेली आणि झेंडेवाल्याने सवयीने षटकार दिला. दीडला नऊ मिनिटं कमी असताना शेवटचा गट आत आला. कोइमतूरची मुलगी महिला गटात दोन फेकींच्या फरकाने पहिली आली.

आता आमच्या एका चुकीबद्दल सांगतो. तशी चूक आमच्याच भागात होऊ शकते आणि ती आम्हा तिघांची मिळून होती.

परळ-लालबागमध्ये स्पर्धा म्हटली की मंडप, माइक, मंचावर खुर्च्या आणि पाहुणे. त्याशिवाय स्पर्धा झाली असं कुणी मानत नाही. आम्हीही ते गृहीत धरलं होतं. मंडप, माइक आणि सत्कारांचे अठरा हजार चारशे मी स्वतःच अंदाजपत्रकात लिहिले होते. आणि मंच असला की उत्स्फूर्त बक्षिसं आली. कुणीतरी उठतं, माइकवाल्याच्या कानात सांगतं, आणि माइकवरून आकडा जातो.

आमच्या चाळीच्या जयंती समितीचे हिशेब मी एकोणिसाव्या वर्षापासून ठेवतो. तेव्हाच्या खजिनदारांनी, ते गिरणीत टाइमकीपर होते, मला पहिल्याच दिवशी वहीत दोन वेगळे रकाने आखायला लावले होते. एक जाहीर, एक जमा. दोन्हींची बेरीज कधी जुळत नाही, जुळली तर पुन्हा तपास, असं ते म्हणायचे. हे मला माहीत होतं. तरीही मी मंचावर गप्प बसलो.

सुरुवात एका पाहुण्यांनी केली. वॉर्डातून उभं राहायची त्यांची तयारी चालली होती. दीडच्या सुमारास ते चार माणसं घेऊन आले, शाल घेतली, माइक घेतला आणि महिला गटातल्या पहिल्या खेळाडूला आपल्याकडून अकरा हजार एक रुपये जाहीर केले. टाळ्या पडल्या. मग विद्यार्थ्याच्या मामांना राहवलं नाही. त्यांचं ठाकूरद्वारला भांड्यांचं दुकान आहे. पुरुष गटाच्या विजेत्याला पाच हजार एक. बायकोची कबड्डीतली जुनी जोडीदार आली होती, तिने महिला गटातल्या दुसरीला पाच हजार एक सांगितले. फॅब्रिकेटरने सगळ्यांत लांबून बास्केटमध्ये डिस्क टाकणाऱ्याला एक हजार एक. आणि मग माइकवर असलेल्या विद्यार्थ्याने मला हाक मारली, "आणि आता आपले खजिनदार सर."

माइक हातात आला की आकडा तोंडातून आपोआप निघतो, हे त्या दिवशी मला कळलं. मी पुरुष गटातल्या तिसऱ्याला अडीच हजार एक जाहीर केले. खिशात सतराशे होते.

एकूण चोवीस हजार पाचशे पाच. कोइमतूरच्या मुलीला चेन्नईच्या एका खेळाडूने तमिळमध्ये समजावलं. तिने मान वर करून बायकोकडे पाहिलं. बायकोने मान डोलावली.

छापील बक्षिसांची सहा पाकिटं माझ्याकडे तयार होती. दोन्ही गटांना वीस, दहा आणि पाच हजार, मिळून सत्तर हजार. ती सह्या घेऊन वाटली. नंतर मंचाच्या मागे मी जाहीर रकमांचा हिशेब केला. फॅब्रिकेटरने एक हजार एक तिथेच टेबलावर ठेवले होते. जोडीदारीणबाईंनी फोनवरून पैसे पाठवले होते. झाले सहा हजार दोन. पाहुणे आणि त्यांची माणसं निघून गेली होती. मामा नाश्ता वाढणाऱ्यांना शोधत होते, पैशांचं नाव काढत नव्हते.

बायको म्हणाली, "अहो, घरच्या खात्याचा चेक काढा."

मी तिला अटींची आठवण करून दिली. जाहीर म्हणजे जमा नव्हे, हेही सांगितलं. ज्याने जाहीर केलं त्याने द्यायचं, आपला काय संबंध.

"माइक आपला होता ना?" ती म्हणाली.

मी चेकबुक बरोबर आणलंच नव्हतं. खेळाडूंना परतीच्या गाड्या पकडायच्या होत्या. तिने स्वतः माइक घेतला आणि आधी हिंदीत, मग तिला येतं तेवढ्या इंग्रजीत सांगितलं की जाहीर झालेली उरलेली बक्षिसं आठ दिवसांत प्रत्येकाच्या खात्यात येतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचा चेहरा मात्र पडला होता. मैदानावर, त्याच दिवशी, असं म्हणणारी ती, आणि पहिल्याच टप्प्याला तिने आठ दिवसांची मुदत मागितली होती. रागावली असती तर बरं झालं असतं. परळहून घरी चालत येताना ती खात्यांचे क्रमांक लिहिलेला कागद पुन्हा पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवत होती.

सोमवारी सकाळी कचेरीत जाण्याआधी मी माझे अडीच हजार एक भरले. माझ्या पगारातून मला मिळणाऱ्या खर्चाच्या रकमेतले, घरच्या खात्यातले नव्हेत. त्या महिन्यात मी बाहेरचा चहा सोडला.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही तिघं ठाकूरद्वारला गेलो. मामांनी आम्हाला गल्ल्याजवळ स्टुलं दिली, लिंबू सरबत मागवलं. विद्यार्थी दाराशीच उभा राहिला, आत येईना. पैशांचा विषय निघाल्यावर मामा हसले.

"रोख काय घेऊन बसलात बाई? पाच हजार कशाला, साडेपाचचं सामान देतो. इडलीपात्र न्या, मोठं, बावीस इडल्यांचं. जिंकलेला पोरगा बंगलोरचा आहे ना? मग झालं की."

मी त्या इडलीपात्राची छापील किंमत बघत होतो. बायकोने सरबताचा पेला खाली ठेवला.

"दादा, माझ्या घरी अकरा डबे आहेत, चार कळशा आहेत आणि एक इडलीपात्र. सगळी खेळून मिळवलेली. एकदा सोलापूरला आम्ही फायनल जिंकलो. मुलींना एकेक कळशी मिळाली आणि मॅनेजर पुढच्या गाडीने निघून गेले. परतीच्या तिकिटाला माझ्याकडे पैसे नव्हते. कळशी घेऊन मी स्टेशनवर सहा तास बसले होते. कळशी बघून कुणी तिकीट देत नाही."

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्या कळशीतलं पाणी मी रोज पितो. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होतो. मग तिकीट कुणी काढून दिलं, हे तिथे विचारावंसं वाटलं नाही. घरी आल्यावर विचारलं. हमाल होता म्हणाली, त्याचं नावसुद्धा विचारायचं राहिलं.

मामांनी गल्ला उघडला. शंभराच्या आणि पन्नासच्या नोटा मोजून पाच हजार एक दिले आणि भाच्याला हाक मारून म्हणाले, "आत ये रे. बाहेर काय पुतळ्यासारखा उभा राहिलायस?"

उरले अकरा हजार एक. पाहुण्यांच्या कार्यालयात मी तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब बाहेर होते. दुसऱ्यांदा धुळवड दुसऱ्या दिवसावर आली होती आणि सगळे रंगांची पाकिटं वाटण्यात गुंतलेले. तिसऱ्यांदा, शनिवारी, त्यांच्या मदतनिसाने मला चहा दिला आणि फोनवर साहेबांचा मंचावरचा फोटो दाखवला. किती लोकांनी पाहिला तेही दाखवलं. मी तारीख विचारली. तो म्हणाला, साहेबांनी जाहीर केलंय म्हणजे ते मिळालंच समजा, आता दादरच्या कार्यक्रमाला साहेबांचा मोठा बॅनर लावा, मग पुढचं बघू. माणूस वाईट नव्हता. जाताना माझ्या वहीला प्लॅस्टिकचं कव्हर घालायला त्याने एक पिशवी दिली. मी वहीत लिहिलं: अकरा हजार एक, जाहीर, येण्याची शक्यता नाही.

रविवारी, सोळा तारखेला, आम्ही तिघं पुन्हा त्याच टेबलाशी बसलो. मुदतीचा एक दिवस राहिला होता. मी आकडे वाचून दाखवले. पहिल्या टप्प्याचा खर्च एक लाख सत्तर हजार, त्यातून प्रवेश शुल्काचे अडतीस हजार वजा. खात्यात उरले एक लाख त्रेपन्न हजार. राहिलेल्या दोन टप्प्यांना, प्रवेश शुल्क वजा जाता, लागणार एक लाख बावन्न हजार चारशे. म्हणजे शिल्लक सहाशे रुपये. त्यातून अकरा हजार एक द्यायचे तर गिरगावचा टप्पा होणार नाही.

विद्यार्थी म्हणाला की कोइमतूरच्या मुलीला पत्र लिहू या, वीस हजार तर मिळालेच आहेत, ती समजून घेईल. बायकोने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. वर्गाबाहेर उभं करताना ती अशीच बघत असणार.

मग तिने वही आपल्याकडे ओढली. ती वही सहसा वाचत नाही. माझं अक्षर लागत नाही म्हणते. बोट खाली खाली नेत तिने विचारलं, "मंडप, माइक, सत्कार. दादरचेही अठराच हजार?"

अठरा हजार चारशे, मी म्हणालो. त्यातले दोन हजार इसार म्हणून दिलेत.

"तो मंच काढून टाका."

विद्यार्थी उठून उभा राहिला. "बाई, मंडप नाही, माइक नाही, पाहुणा नाही, मग दादरमध्ये लोकांना कळणार कसं की इथे काहीतरी चाललंय?"

"खेळणाऱ्यांना कळेल."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. परळला दोनेकशे माणसं थांबली होती ती माइकच्या आवाजाने. पुढे दादरला खेळाडू एकेचाळीस झाले आणि बघे जेमतेम तीस. टूर वाढवायची तर बघे लागतात, हे मी त्या दिवशी बोललोही. तिने ऐकून घेतलं. पण मंच गेल्यावर अकरा हजार एकचा खर्च अटींच्या आत बसत होता, दोन लाख पंच्याऐंशी हजारांत बसत होता, आणि मला नाही म्हणायला जागा नव्हती. खरं सांगायचं तर नाही म्हणायची इच्छाही नव्हती. ती अठरा हजारांवर रेघ मारत असताना मी तिच्या उजव्या कोपराकडे बघत होतो. ते अजून सुजलेलं होतं.

मंडपवाल्याला मी त्याच संध्याकाळी फोन केला. मंच नको म्हटल्यावर त्याला घरात काही वाईट झालं असं वाटलं. नंतर तो दोन हजारांच्या इसारातच चाळीस खुर्च्या, दोन टेबलं आणि एक कनात द्यायला तयार झाला. सोळा हजार चारशे वाचले.

सतरा मार्च, सोमवार, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. बंगलोरच्या पुरुष विजेत्याला पाच हजार एक, महिला गटातल्या दुसरीला पाच हजार एक, पुरुष गटातल्या तिसऱ्याला अडीच हजार एक आणि लांबून डिस्क टाकणाऱ्या पुण्याच्या खेळाडूला एक हजार एक हे आधीच पोचले होते. शेवटची रक्कम बायकोने बँकेच्या खिडकीवर स्वतः भरली, क्रमांक दोनदा वाचून घेतला आणि पावती माझ्या हातात दिली: अकरा हजार एक रुपये, महिला गटातल्या पहिल्या खेळाडूच्या नावावर, कोइमतूर शाखा.